झोंबॉइडमध्ये पहिल्याच दिवशी का मरतो? दम आणि आवाज यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सिडकोतले चार मित्र, चौघांकडे ‘प्रोजेक्ट झोंबॉइड’ हा झोंब्यांच्या गावात जिवंत राहण्याचा कॉम्प्युटर गेम, चौघांपैकी एकाच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर. तीन रात्री खेळले, पण एकाही पात्राने दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहिली नाही. दोघांना घराबाहेर पडल्यावर दहा मिनिटांत चावा, तिसऱ्याने गाडीची काच फोडली आणि अलार्मवर अख्खी गल्ली जमा झाली, चौथा मित्राच्याच बॅटने गेला. “झोंबी तर आम्ही भरपूर मारतो, मग मरतो कसे?”

भरपूर मारता, म्हणूनच मरता. या गेममध्ये सुरुवातीला दोनच खाती सांभाळायची असतात, दम आणि आवाज. प्रत्येक फटक्याला दम खर्च होतो, जवळजवळ प्रत्येक कृतीचा आवाज होतो, आणि दोन्ही खाती एकदम रिकामी झाली की चावा ठरलेला. हत्यार कुठलं, घर कुठलं हे सगळं त्यानंतर. खालचं सगळं बिल्ड 41 धरून आहे, म्हणजे डिसेंबर 2021 मध्ये मल्टिप्लेअरसकट स्थिर झालेली आवृत्ती. बिल्ड 42 मध्ये लढाई आणि वस्तू बनवण्याचे नियम बरेच बदलले आहेत, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

पात्र आणि गाव

पात्र बनवताना दोष घेतला की गुण मिळतात, आणि चांगली बाजू घ्यायला ते खर्च होतात. इथे नवखे लोक दोन टोकं गाठतात. एक तर ‘बेरोजगार’ घेऊन मिळालेले 8 गुण कशातही उधळतात, नाहीतर गुणांच्या हावेने बहिरेपणा घेतात, कारण त्याचे 12 मिळतात. बहिरा माणूस मागून येणारा झोंबी ऐकतच नाही. मग ते 12 गुण जेमतेम अर्धा तास पुरतात.

चालणारा एक हिशेब देतो. पेशा फायर ऑफिसर, त्याचे 0 गुण, पण ताकद, दम, धावणं आणि कुऱ्हाड यांत थोडी आघाडी मिळते. उणे गुणधर्म: धूम्रपान (4), जास्त तहान (6), नाजूक पोट (3), लवकर आजारी पडणं (4), जवळचंच दिसणं (2). झाले 19. त्यातून घ्यायचे: ॲथलेटिक (10), तीक्ष्ण कान (6), अंधारात दिसणारे मांजरडोळे (2). एक गुण शिल्लक राहतो, राहू द्या. ॲथलेटिकमुळे दम सुरुवातीलाच भरपूर असतो आणि तीक्ष्ण कानांमुळे पाठीमागे आलेला झोंबी जरा आधी दिसतो. नवख्याचं मरण याच दोन जागी असतं. धूम्रपानाला घाबरू नका. सिगारेटी झोंब्यांच्या खिशात सापडत राहतात, फक्त लायटर किंवा काडेपेटी जपा. हळू वाचणारा हा गुणधर्म एकट्याच्या खेळात फुकटात 2 गुण देतो, कारण तिथे वेळ पळवता येतो. सर्व्हरवर वेळ पळत नाही. पुस्तक वाचताना तुम्ही खऱ्या घड्याळाकडे बघत बसता. तो घेऊ नका. लहान जागेची किंवा मोकळ्या जागेची भीती हेही नको, त्याने पात्र सतत घाबरलेलं राहतं आणि घाबरलेल्याचे फटके नीट लागत नाहीत.

गाव चौघांनी एकच निवडा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. सुरुवातीला चार गावं दिसतात. वेस्ट पॉइंट म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारचा आपला मेन रोड. दुकानं खच्चून भरलेली आणि माणसंही तितकीच, फक्त मेलेली. मलड्रॉ हमरस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेलं आहे, आग्रा रोडवरच्या गावांसारखं, आणि त्या रस्त्यावरचा आवाज दूरवर जातो. रिव्हरसाइड मध्यम आहे. रोझवूड घ्या. गाव लहान, झोंबी तुलनेने विरळ, आणि फायर स्टेशन व पोलीस स्टेशन दोन्ही गावातच. फायर स्टेशनात कुऱ्हाड आणि अग्निशामकाचा जाड कोट मिळायची शक्यता चांगली असते. गावाबाहेर तुरुंग आहे. पहिल्या महिन्यात तिकडे फिरकू नका.

पहिला तास

खेळ 9 जुलै 1993 ला सुरू होतो. ज्या घरात जन्म घेतला तिथले पडदे आधी ओढा. पडदा ओढला की बाहेरच्या झोंब्याला तुम्ही दिसत नाही. मग स्वयंपाकघर: तवा किंवा फ्रायिंग पॅन, सुऱ्या, डबे उघडायचा ओपनर. ओपनर विसरू नका, त्याच्याशिवाय डबाबंद अन्न नुसतं ओझं. जितक्या बाटल्या, पातेली, बादल्या मिळतील तितक्या नळाखाली भरून ठेवा. बाथरूमच्या कपाटात बँडेज, जंतुनाशक, वेदनाशामक गोळ्या बघा. कपड्यांच्या कपाटात पट्टा शोधा. पट्टा बांधला की कमरेला हातोडा किंवा सुरी अडकवता येते आणि आकड्याची कळ दाबली की ती थेट हातात येते. हे किरकोळ वाटेल, पण सर्व्हरवर बॅग उघडून हत्यार शोधायला लागलात तर तोवर झोंबी थांबत नाही. पॉज नावाची गोष्टच नाही.

टीव्ही लावा. ‘लाइफ अँड लिव्हिंग’ या वाहिनीवर पहिल्या काही दिवसांत सकाळी 6, दुपारी 12 आणि संध्याकाळी 6 ला कार्यक्रम असतात: स्वयंपाक, सुतारकाम, आणि मासेमारी-शेतीसारखे जगण्याचे धडे. नुसतं समोर बसून बघितलं तरी अनुभवाचे गुण मिळतात. आवाज मात्र कमी ठेवा, टीव्हीसुद्धा झोंब्यांना ऐकू जातो. सुतारकामाचं पहिलं पुस्तक हाती लागलं असेल तर कार्यक्रमाच्या आधी वाचून घ्या, मग त्याच कार्यक्रमाचे कितीतरी जास्त गुण पडतात. जो मित्र आठवड्याने सामील होईल त्याची ही गाडी चुकलेली असेल. त्याला व्हीएचएस कॅसेटी शोधाव्या लागतील.

दम

पडद्याच्या उजव्या बाजूला छोटी चिन्हं येतात, त्यांना मूडल म्हणतात. दमाच्या चिन्हाला चार पायऱ्या आहेत. रामकुंडाजवळ राहणारे लोक पुराचा अंदाज हवामान खात्याआधी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतात: पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं. दमाचं चिन्ह तसं वाचा. पहिली पायरी म्हणजे पायाला पाणी. इथेच लढाई थांबवायची. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपर्यंत मारत राहतात, कारण चिन्ह लहान असतं आणि समोर ‘आता एकच उरलाय’ असं दिसतं. पण दम लागलेल्याचा फटका हळू पडतो, कमी लागतो. जो झोंबी दोन फटक्यांत पडत होता त्याला पाच लागतात, त्या पाच फटक्यांनी दम आणखी जातो, आणि तेवढ्यात त्याच्या मागचे दोघे पोचतात. तुमचे दोन मित्र बहुधा असेच गेले.

दम परत यायला वेळ लागतो. उभं राहण्यापेक्षा जमिनीवर बसलं की लवकर येतो. राइट क्लिक करून बसा, पण कुंपण घातलेल्या किंवा दार लावलेल्या जागी. ओझ्याचं चिन्ह दिसत असताना कधीच लढू नका. बॅग पाठीवर चढवा, हातात धरून फिरू नका. पाठीवरच्या बॅगेतल्या सामानाचं वजन कमी धरलं जातं. लढाईआधी लूट जमिनीवर टाकून द्यायला लाजू नका, ती कुठे जात नाही.

धावणंही दम खातं. झोंबी मूळ सेटिंगमध्ये रेंगाळत चालणारे असतात, त्यामुळे साध्या चालीने तुम्ही त्यांच्या पुढेच राहता. पळणं कोपरा गाठण्यापुरतं ठेवा. मग दोन घरांची वळणं घेतली, नजरेआड झालात आणि वाकून चालू लागलात की मागचे बरेचसे भरकटतात. घराच्या पुढच्या दाराने आत, दार लावून मागच्या दाराने बाहेर, हा जुना डाव अजून चालतो.

कुंपणाची लढाई

नवख्याने पहिले वीस झोंबी कुंपणावरच मारावेत. समजा घराच्या मागच्या अंगणात कमरेइतकं कुंपण आहे, पलीकडून तिघे येताहेत, तुमच्या हातात हातोडा आहे.

कुंपणाला चिकटून उभे राहू नका, नाहीतर तो ओलांडताना थेट तुमच्या अंगावर येतो. दीड-दोन पावलं मागे उभे राहा. आता मान वळवून मागे बघा. पात्राला फक्त समोरचा पंख्यासारखा भाग दिसतो, पाठीमागचा झोंबी पडद्यावर दिसतच नाही, म्हणून हे वळून बघणं प्रत्येक झोंब्यानंतर करायचं. राइट बटण धरून ठेवा, म्हणजे पात्र रोखून उभं राहतं. पहिला कुंपणावरून येईल आणि बहुधा तोंडावर आपटेल. तो आपटल्यावर पुढे सरका आणि डोक्याच्या बाजूने मारा, किंवा स्पेस दाबून पायाने चिरडा. चिरडायला पायात जाड बूट हवेत. स्लिपर किंवा अनवाणी पायांनी फार काही होत नाही, बूट मेलेल्या झोंब्याचे काढून घातले तरी चालतात. दोन-तीन घाव झाले आणि दुसरा कुंपणावर चढायला लागला की पहिला अर्धमेला असला तरी सोडा, दोन पावलं मागे या. हे मागे येणं शिकणं म्हणजेच लढाई शिकणं. उठलेल्या अर्धमेल्याला स्पेसने ढकला, तो पडेल, परत तेच.

कुंपण नसेल तर दोनच्या वर झोंब्यांशी लढू नका. फटका लवकर मारू नका. तो हाताच्या अंतरात आल्यावरच मारा. हवेत गेलेल्या फटक्याचाही दम जातो आणि हात परत यायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात तो तुम्हाला धरतो. एका घावात दोघांना लागेल अशी आशा ठेवू नका, मूळ सेटिंगमध्ये एक फटका एकालाच लागतो.

हत्यारांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पहार टिकते, कुऱ्हाड जोरात लागते पण दम खाते, पोलिसांचा दंडुका आणि हातोडा नवख्याला पुरेसे. स्वयंपाकघरातली सुरी चार-पाच झोंब्यांत मोडते. कायम एक सुटं हत्यार बरोबर ठेवा. बंदुकीला पहिल्या दोन आठवड्यांत हात लावू नका: नेम बसत नाही, आणि एका शॉटगनच्या आवाजावर पलीकडची गल्लीसुद्धा चालू लागते.

आवाज

आता गाडीच्या अलार्मचं. कुलूपबंद गाडीची काच फोडणं हा जुगार आहे. आधी आतमध्ये किंवा जवळच्या जमिनीवर किल्ली दिसते का बघा, आजूबाजूच्या झोंब्यांचे खिसे तपासा. वायरी जोडून गाडी चालू करायला इलेक्ट्रिकल 1 आणि मेकॅनिक्स 2 इतकी कौशल्याची पातळी लागते, नाहीतर घरफोड्याचा पेशा. चालू झालेली गाडी स्वतःच एक भोंगा आहे, पण उपयोगी पडते: गल्लीच्या टोकाला थोडा वेळ उभी ठेवली की झोंबी तिच्याकडे जमतात, मग हळूहळू पुढे नेत त्यांना भलतीकडे सोडून यायचं. झोंब्यांवर गाडी घालू नका. वेगात दहा-बारा जण उडवले की बॉनेट, मग इंजिन जातं, आणि मधल्याच रस्त्यात तुम्ही बंद गाडीत अडकता.

दुसरी चूक क्यू या कळीची. ती दाबून धरली की हातवाऱ्यांची यादी उघडते, पण नुसती एकदा दाबली की पात्र ओरडतं. नवा माणूस मित्राला हात दाखवायला जातो आणि सगळ्या वस्तीला जेवायला बोलावतो. वाकलेल्या अवस्थेत, म्हणजे सी दाबून, क्यू दाबलं तर नुसती कुजबुज होते. हीच कुजबुज घरात शिरताना कामाला येते.

घरात शिरण्याची पद्धत अशी. वाकून घराला एक फेरी मारा, प्रत्येक खिडकीतून आत डोकवा. दारापाशी कुजबुजा आणि तीन पावलं मागे या. आत कोणी असेल तर दारावर धडका सुरू होतात. कोणी नाही तर दार उघडा, पण लगेच आत जाऊ नका, पाच सेकंद थांबा. आत गेल्यावर प्रत्येक बंद दार हा स्वतंत्र धोका समजा. त्यातही संडास-बाथरूमचं दार: आत झोंबी दाराला टेकून उभा असतो आणि तुम्ही उघडताच नाकासमोर येतो. दार उघडलं की लगेच मागे, हा हाताला सवयीचा भाग झाला पाहिजे. खिडकीतून जायचं असेल तर आधी ती सरकते का बघा. फोडावीच लागली तर हातात हत्यार धरून फोडा आणि उरलेल्या काचा काढून मगच चढा. तशाच चढलात तर हात कापतो, काच आत राहते, ती काढायला चिमटा लागतो. काही घरांना अलार्म असतो, आत शिरताना वाजला तर काहीही न उचलता, आलात त्याच वाटेने निघा. ‘फक्त फ्रिज बघतो’ म्हणणारे परत येत नाहीत.

जखमा

घाबरण्याआधी आकडे माहीत असू द्या. मूळ सेटिंगमध्ये झोंब्याच्या ओरखड्यातून लागण व्हायची शक्यता 7 टक्के, फाटलेल्या जखमेतून 25 टक्के, चाव्यातून 100 टक्के. म्हणजे ओरखडा आला म्हणून पात्र सोडून देऊ नका. बरेच नवे लोक ओरखड्यालाच शेवट समजून घोळक्यात घुसतात, आणि खरंच मरतात.

हृदयाच्या चिन्हावर क्लिक करून तब्येतीचं पान उघडा, जखमेवर राइट क्लिक करून आधी जंतुनाशक, मग पट्टी. पट्टी नसेल तर जुना शर्ट फाडून चिंध्या करा, पातेल्यात उकळून घेतल्या तर उत्तम. पट्टी मळली की बदला. जखम चिघळली असं दिसलं तर तो साधा जंतुसंसर्ग आहे, झोंबीची लागण नव्हे. दोन्हीत गोंधळ होतो. खऱ्या लागणीत विनाकारण अस्वस्थता, मग मळमळ, मग ताप असा क्रम दिसतो आणि मूळ सेटिंगमध्ये दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. प्रतिजैविकांनी ती जात नाही. मळमळ मात्र सडक्या प्रेतांच्या ढिगाजवळ राहिल्यानेही होते, त्यामुळे आधी प्रेतं घरापासून लांब ओढून टाका, मग निष्कर्ष काढा.

मान आणि हात झाका. लेदर जॅकेट किंवा अग्निशामकाचा कोट ओरखडे-चावे अडवतो, पण जुलैच्या उकाड्यात त्यात घाम फुटतो, तहान वाढते, आणि जड कपड्यांत धाव मंदावते. डेनिमचा शर्ट आणि जीन्स, वर सुई-दोऱ्याने लावलेली ठिगळं, हा पहिल्या महिन्याचा मधला मार्ग.

चौघं एकत्र असताना

मित्राच्या बॅटने मेलेल्याबद्दल. सर्व्हरवर खेळाडूंनी एकमेकांना मारण्याची सोय मुळात चालू असते. पडद्यावर कवटीचं एक चिन्ह आहे; ते सुरक्षित अवस्थेत ठेवलं तर तुमचा फटका मित्राला लागत नाही. चौघांचंही तपासा. आणखी सोपं म्हणजे होस्टने, म्हणजे ज्याच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर आहे त्याने, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हा प्रकारच बंद करावा, आपापसात खेळताना त्याचा काही उपयोग नाही. तरीही अंतर ठेवा: एकाने ढकलायचं, दुसऱ्याने पडलेल्याला मारायचं, तिसऱ्याने फक्त मागे बघायचं. चौघं एकाच झोंब्यावर तुटून पडले की मागे कोणाचंच लक्ष नसतं.

बोलायला डिस्कॉर्ड वापरा, त्याचा आवाज गेममध्ये जात नाही.

झोंबी एका पावलावर दिसतो आणि तरी चावतो, अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, कारणीभूत असतो. चौघंही नाशकातच असाल आणि होस्टच्या घरी फायबर असेल तर पिंग सहसा दोन आकडी राहतो. कुणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर त्याच्यापुरता झोंबी उड्या मारत येईल. त्याने पुढे लढायचं नाही, गाडी चालवायची आणि सामान वाहायचं. युरोपातल्या सार्वजनिक सर्व्हरवर पिंग 150 च्या वर जातो, तिथे एक पाऊल जास्तीचं अंतर धरा. होस्टच्या मशीनवर गेम आणि सर्व्हर दोन्ही चालतात, 8 जीबी रॅममध्ये ते गुदमरतं, 16 असावी. राउटरवर 16261 आणि 16262 ही यूडीपी पोर्ट उघडूनही कुणी जोडलं जात नसेल तर बहुधा कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीच नसतो. तिथे डोकं न लावता स्टीमवरून आमंत्रण पाठवा. आणि होस्टची लाइट गेली की चौघांचंही जग गेलं, म्हणून जग किती मिनिटांनी सेव्ह व्हावं ही सेटिंग 10 किंवा 15 वर ठेवा, मुळात ती शून्य असते. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी कॉम्प्युटर नसतो, हे पावसाळ्यात लक्षात येतं.

सेफहाउसची सोय होस्टने चालू केलेली असेल तर घर रिकामं करून, आत झोंबी किंवा परका खेळाडू नसताना, राइट क्लिकने ते आपल्या नावावर करता येतं. पण ‘सेफ’ या शब्दावर जाऊ नका. इतरांना आत येऊ द्यायचं का, कपाटं उघडू द्यायची का, या वेगळ्या सेटिंग आहेत आणि सार्वजनिक सर्व्हरवर त्या अनेकदा उघड्या असतात. मालक 144 तास फिरकला नाही तर हक्कही जातो. परीक्षेच्या आठवड्यात घर गमावणारे कमी नाहीत.

घर निवडताना दुमजली, गावाच्या कडेचं, मागे झाडी असलेलं बघा. वरच्या खिडकीला चादरीचा दोर लावा: चादरींचे दोन दोर, एक खिळा, हातोडा. झोंबी दोरावरून चढत नाहीत. खाली धडका सुरू झाल्या तर उतरून मागच्या झाडीत जायचं. पहिल्याच दिवशी सगळ्या खिडक्यांना फळ्या ठोकत बसू नका, ठोकण्याचा आवाजच जास्त पाहुणे आणतो.

पुढचे काही आठवडे

मूळ सेटिंगमध्ये पाणी आणि वीज पहिल्या 30 दिवसांत कधीही जातात. नाशवंत आधी खा, डबे नंतर. पावसाचं पाणी साठवायच्या लहान पिंपाला 4 फळ्या, 4 खिळे, 4 कचऱ्याच्या पिशव्या आणि सुतारकाम 4 लागतं. म्हणून ते टीव्हीचे कार्यक्रम. ते पाणी उकळूनच प्या. जनरेटर मिळाला तरी त्याचं मासिक वाचल्याशिवाय जोडता येत नाही (इलेक्ट्रिशियनला येतं), आणि तो घरात ठेवून चालवला तर धुराने सगळे झोपेत जातात. पेट्रोल पंपही विजेवर चालतात. वीज आहे तोवर कॅन भरून घ्या.

साधारण सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान हेलिकॉप्टर येतं, मूळ सेटिंगमध्ये एकदाच. ते ज्याच्या डोक्यावर घिरट्या घालतं त्याच्याकडे आवाजाने झोंबी ओढले जातात. रेडिओवर आपत्कालीन प्रसारणाची वाहिनी शोधून ठेवा, तिची फ्रिक्वेन्सी प्रत्येक जगात वेगळी असते. हवाई हालचालीची सूचना आली की त्या दिवशी बाहेरची कामं बंद. सामान भरलेली बॅग दाराशी ठेवा, आत बसा, आणि घोळका दाराशी आलाच तर मागून निघा. झोंब्यांची संख्या 28 व्या दिवसापर्यंत वाढत जाते. साफ केलेल्या गल्लीतही 72 तासांनंतर थोडे परत दिसू लागतात, तेव्हा ‘हा भाग आपला’ असं गृहीत धरून हेडफोन काढून चहा करायला उठू नका. उठायचंच तर वरच्या मजल्यावर, दार लावून.

कुणाला चावा बसलाच तर त्याने रडारड न करता उपयोगी पडायचं. चांगली हत्यारं, पुस्तकं, किल्ल्या बेसमध्ये ठेवायच्या, आणि दोन दिवस धोक्याची कामं त्याने करायची: घोळका लांब नेणं, पोलीस स्टेशनचं दार उघडणं. शेवट बेसपासून लांब आणि चौघांना माहीत असलेल्या जागी व्हावा. लागण झालेला मेला की थोड्या वेळाने उठतो, आणि त्याच्या अंगावरचे कपडे, पाठीवरची बॅग तशीच असते. नवं पात्र घेतल्यावर तो जुना ‘मी’ शोधायला एकट्याने जाऊ नका, त्याच्याभोवती त्याला मारणारे अजून उभे असतात. दोघं जा, एकाने कुंपणापर्यंत ओढून आणायचं, दुसऱ्याने बॅग उचलायची. आणि फार दिवस लावू नका: मूळ सेटिंगमध्ये 216 तासांनी, म्हणजे गेममधल्या 9 दिवसांनी, पडलेली प्रेतं सामानासकट नाहीशी होतात.